अभ्यासिकेचे वायफाय: शंभर उपकरणे आणि हवा एकच

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका एकमेकींना खेटून आहेत. सत्तर खुर्च्यांची अभ्यासिका म्हटली की सत्तर मोबाइल आले, तीस-चाळीस लॅपटॉप आणि टॅब आले, शिवाय हजेरीचे यंत्र, चार-सहा कॅमेरे आणि काउंटरवरचा प्रिंटर. सकाळी सहाला नेट सुसाट असते. अकरा वाजता लेक्चरच्या व्हिडिओवर चक्र फिरायला लागते आणि गंमत म्हणजे मोबाइलवर सिग्नलच्या रेघा पूर्ण असतात.

मग चालक नेटवाल्याला फोन करून प्लॅन वाढवतात. फरक पडला नाही तर सहा अँटेनांचा राउटर येतो. तोही पुरला नाही तर मागच्या खोलीत रिपीटर लागतो आणि होते नव्हते तेही बिघडते. हा लेख त्या चालकांसाठी आहे आणि ‘तुला कळतं ना कॉम्प्युटरचं’ म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडते त्याच्यासाठीही. क्लास असो, वसतिगृह असो की छोटे ऑफिस, पायऱ्या याच.

हवेत काय चालते

वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. राउटर बोलत असेल तर सगळे मोबाइल गप्प. एक मोबाइल बोलत असेल तर बाकीचे सगळे गप्प आणि राउटरही गप्प. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, चॅनेल मोकळे दिसले की क्षणभर थांबते आणि मग पाठवते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया, पुन्हा पाठवा. गर्दी वाढली की पाठवण्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जातो.

शेजारच्या अभ्यासिकेचा राउटर तुमच्याच चॅनेलवर असेल तर त्यांची उपकरणेही तुमच्याच रांगेत उभी राहतात. तो अर्धवट शेजारच्या चॅनेलवर असेल तर त्याचे बोलणे तुमच्या उपकरणांना कळत नाही, नुसता गोंगाट म्हणून कानावर पडते, आणि चालू असलेले पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) खराब होते. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. मायक्रोवेव्ह, वायरलेस व्हिडिओ पाठवणारी जुनी यंत्रे, ब्लूटूथची गर्दी हे सगळे याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

आणखी एक घटक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे हळू बोलणारा. ज्याला सिग्नल कमी, तो मोबाइल वेग उतरवून बोलतो. १५०० बाइटचे पॅकेट ३०० एमबीपीएसने पाठवायला ०.०४ मिलिसेकंद लागतात, ६ एमबीपीएसने २ मिलिसेकंद. म्हणजे पन्नासपट. भिंतीपलीकडच्या कोपऱ्यात बसलेला एकच जण व्हिडिओ बघत असला तरी राउटरसमोर बसलेल्यांचा वेळ तो खातो.

त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीत एकच धोरण आहे: सिग्नलचा जोर वाढवत बसायचे नाही, हवेतला वेळ वाचवायचा.

पायरी १: दोष हवेचा की लाइनीचा?

हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. गर्दीच्या वेळी, म्हणजे अकरा ते एक किंवा संध्याकाळी सात ते नऊ, हॉलच्या मध्ये लॅपटॉप घेऊन बसा आणि वायफायवरूनच दोन पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. एक राउटरच्या पत्त्यावर (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, खात्री राउटरखालच्या स्टिकरवरून करावी) आणि दुसरा बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. दोन-तीन मिनिटे तरी चालू द्या.

राउटरचा पिंग २ ते ५ मिलिसेकंद राहिला, मधूनच एखादा १०-१५ गेला, तर हवा ठीक आहे. तो ५०, १२०, ३०० असा उड्या मारत असेल किंवा मधेच ‘टाइम आउट’ येत असेल तर दोष हवेत आहे. राउटरचा शांत पण बाहेरचा मात्र चढलेला असेल तर लाइन भरली आहे. तेव्हा नेटवाल्याशी बोलणे योग्य, किंवा पायरी ७ मधली वेगमर्यादा लावणे. शंका राहिली तर लॅपटॉपला राउटरची केबल लावून हीच चाचणी पुन्हा करा; केबलवर सगळे स्वच्छ आले की वाद मिटला.

लाइन भरल्याचे एक हमखास कारण अपलोड. दहा-बारा मोबाइल एकदम फोटोंचा बॅकअप घ्यायला लागले की अपलोड गच्च होते आणि डाउनलोडही रखडते, कारण आलेल्या प्रत्येक पॅकेटची पोच वर पाठवावी लागते. हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या मोबाइल वायफायला जोडले जाऊन हे सुरू करतात, त्यामुळे बॅचच्या सुरुवातीलाच नेट बसल्यासारखे वाटते.

पायरी २: हवेचा नकाशा

अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचे कुठलेही फुकट ॲप चालेल. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा हवा तपासता येते, त्यामुळे आकडे अडकल्यासारखे दिसतात. अँड्रॉइड १० किंवा पुढचे असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग’ बंद केले की सरळ चालते. आयफोनवर अशी ॲप आजूबाजूची नेटवर्के दाखवू शकत नाहीत. ॲपलचे स्वतःचे एअरपोर्ट युटिलिटी घ्यावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा. मॅक असेल तर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, जोडलेल्या नेटवर्कचे चॅनेल आणि सिग्नल तिथेच दिसतात.

हॉलचे चार कोपरे आणि मध्य, अशा पाच ठिकाणी उभे राहून कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणते नेटवर्क, कोणत्या चॅनेलवर, किती डीबीएम (सिग्नलच्या जोराचे माप). आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरदार. तुमच्या नेटवर्कचा आकडा उणे ६७ किंवा त्याहून चांगला असावा. उणे ७५ च्या खाली गेलेली खुर्ची म्हणजे तो हळू बोलणारा. शेजाऱ्यांच्या बाबतीत उणे ८२ ही ढोबळ सीमा धरा. त्याहून जोरात ऐकू येणारे नेटवर्क तुमच्या चॅनेलवर असेल तर तुमच्या उपकरणांना त्याच्यासाठी थांबावेच लागते.

राउटर सहसा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन मोठ्या पट्ट्यांवर चालतो: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पेठेत २.४ गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस नावे दिसली तर घाबरू नका, ते नेहमीचेच. त्यांतली जोरदार तेवढी मोजा.

ॲप फक्त वायफाय दाखवते. मायक्रोवेव्हचा किंवा व्हिडिओ सेंडरचा गोंगाट त्यात दिसत नाही. चॅनेल रिकामे दिसते आणि तरी पिंग उड्या मारतो, असे झाले की वायफाय नसलेला चोर शोधायचा: एकेक संशयित उपकरण प्लगमधून काढा आणि पिंग बघत राहा.

पायरी ३: जे तारेवर जाईल ते तारेवर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक पायरी हीच, आणि नेमकी हीच टाळली जाते. वायफाय कॅमेरा चोवीस तास सतत पाठवत असतो, एकेक साधारण १ ते २ एमबीपीएस. तोही बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवर आणि बहुतेक वेळा लांबच्या कोपऱ्यातून, म्हणजे हळू बोलत. सहा कॅमेरे तारेवर घेतले की हॉल मोकळा श्वास घेतो. काउंटरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, भिंतीवरचा टीव्ही हेही केबलवर. हजेरीच्या यंत्राला केबलचे भोक असेल तर तेही.

मग मोबाइलचे हॉटस्पॉट. वायफाय रखडले की मुले आपापला हॉटस्पॉट चालू करतात. प्रत्येक हॉटस्पॉट म्हणजे खोलीच्या मधोमध बसलेला आणखी एक राउटर, बहुधा २.४ वर आणि मिळेल त्या चॅनेलवर. पंधरा हॉटस्पॉट चालू असतील तर वायफाय आणखी रखडते, मग आणखी पाच चालू होतात. उपदेशाने हे थांबत नाही. दारावर पाटी लावा: लॅपटॉपला नेट हवे असेल तर यूएसबी केबलने द्या, आणि हॉटस्पॉट लावायचाच तर त्याच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा.

रिपीटर काढून टाका. तो ऐकलेले प्रत्येक पॅकेट त्याच चॅनेलवर पुन्हा बोलून दाखवतो, म्हणजे त्याच्याकडे जोडलेल्या मोबाइलचा प्रत्येक निरोप हवेत दोनदा जातो. रेघा वाढतात, वेळ दुप्पट खर्च होतो. बिनतारी मेशचीही (एकमेकांना वायफायनेच जोडलेले अनेक डबे) कथा तीच, फक्त डबा देखणा असतो. डब्यांच्या आपसातल्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ (वायफाय पाठवणारा-ऐकणारा भाग) असलेले मेश त्यातल्या त्यात बरे.

पायरी ४: २.४ गिगाहर्ट्झ लावून घेणे

भारतात इथे १ ते १३ चॅनेल आहेत, पण शेजारशेजारच्या दोन चॅनेलांत फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर आणि एका वायफायला जागा लागते २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. नकाशात ३ किंवा ८ रिकामे दिसते म्हणून तिथे जाऊन बसणे ही नवख्यांची ठरलेली चूक. ३ वर बसलात तर १ वाल्यांचा आणि ६ वाल्यांचा, दोघांचाही गोंगाट तुमच्या माथी आणि तुमचा त्यांच्या. १२-१३ वरही जाऊ नका. बाहेरच्या देशांतून आणलेल्या काही फोनांना ती दिसतच नाहीत.

राउटरच्या वायरलेस पानावर जाऊन असे करा:

१. चॅनेल ‘ऑटो’वरून काढा आणि १, ६, ११ पैकी ज्यावर जोरदार शेजारी सर्वांत कमी ते ठरवून द्या.

२. चॅनेल विड्थ (चॅनेलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ. ‘२०/४०’ किंवा ‘ऑटो’ नको. ४० ठेवले तर तेरा चॅनेलांच्या पट्ट्यातला अर्धा भाग एकटा तुमचा राउटर व्यापतो आणि गर्दीत त्याचा फायदा शून्य.

३. मोडमध्ये ‘बी’ (वायफायची जुनी, हळू पिढी) असेल तर वगळा. ‘जी/एन’ किंवा ‘एन/एएक्स’ असे काही निवडा. सर्वांत कमी वेग ठरवण्याची सोय असेल तर १२ एमबीपीएस करा.

४. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस, किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत कुठेही राहू देऊ नका. ते असेल तर जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही.

तिसऱ्या मुद्द्यामागचा हिशोब बघण्यासारखा आहे. राउटर आपल्या प्रत्येक वायफाय नेटवर्कच्या नावाची हाळी सेकंदाला साधारण दहा वेळा देतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा. ही हाळी तो सर्वांत कमी वेगाने देतो, म्हणजे जुन्या मोडमध्ये १ एमबीपीएसने. ३०० बाइटच्या एका हाळीला तेव्हा अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका नावापायी अडीच टक्के वेळ गेला, अजून कोणी काही पाठवलेलेही नाही. ‘स्टाफ’, ‘स्टुडंट’, ‘गेस्ट’, ‘कॅमेरा’ अशी चार नावे दोन राउटरांवर एकाच चॅनेलला ठेवली की वीस टक्के हवा नुसत्या हाळीत संपली. १२ एमबीपीएसने तीच हाळी पाव मिलिसेकंदाच्या आत उरकते. नावे दोनच ठेवा, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.

‘ऑटो’ला एवढा विरोध का? घरगुती राउटर बहुधा सुरू होताना एकदाच हवा बघतो आणि चॅनेल धरून बसतो. वीज जाऊन आली की अख्ख्या इमारतीतले राउटर एकाच मिनिटात उठतात, त्या क्षणी कोणालाच कोणी दिसत नाही, आणि सगळे एकाच चॅनेलवर जाऊन बसण्याची शक्यता वाढते. ‘काल लाइट गेली तेव्हापासून नेट बिघडलंय’ या तक्रारीत बऱ्याचदा तथ्य असते ते असे. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि चॅनेल हाताने ठरवा.

पायरी ५: खरी गर्दी ५ गिगाहर्ट्झवर हलवा

इथे जागा भरपूर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या बँडमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापराला खुला केला. तो ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ असा आहे. २० मेगाहर्ट्झची वीसहून जास्त स्वतंत्र चॅनेल त्यात बसतात. भिंत ओलांडताना ५ चा सिग्नल लवकर दमतो, आणि गर्दीत हाच त्याचा गुण: शेजाऱ्याचा तुमच्याकडे कमी येतो, तुमचा त्याच्याकडे कमी जातो.

राउटर दुकानातून येतो तेव्हा ५ वर ८० मेगाहर्ट्झ विड्थ लावलेली असते, कारण खोक्यावरचा मोठा आकडा त्यावरच मिळतो. अभ्यासिकेत ती ४० करा. एकाहून जास्त ॲक्सेस पॉइंट (केबलने राउटरला जोडलेले, नुसते वायफाय देणारे डबे) असतील आणि शेजारीही ५ वर असतील तर २० सुद्धा चालेल. विड्थ दुप्पट केली की कानावर येणारा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो आणि मोकळ्या चॅनेलांची संख्या निम्मी होते. एका मोबाइलला ३०० एमबीपीएस मिळण्यापेक्षा पन्नास जणांना प्रत्येकी ३-४ मिळणे इथे कामाचे आहे.

४० मेगाहर्ट्झच्या चार जोड्या बिनधास्त वापराव्यात: ३६-४०, ४४-४८, १४९-१५३ आणि १५७-१६१. मधली ५२ ते १४४ चॅनेल रडारच्या शेजारची. त्यांवर राउटरला आधी किमान एक मिनिट नुसते ऐकत बसावे लागते, आणि नंतर कधीही रडारसारखे काही ऐकू आले तर दहा सेकंदांत चॅनेल सोडावे लागते. हवामान खात्याची सी बँडमधली रडारे साधारण ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, मुंबईत वेरावलीचे याच प्रकारातले. अशा शहरात ही चॅनेल धरली तर मधूनच अख्खा हॉल एकदम डिस्कनेक्ट होतो आणि दोन मिनिटांत आपोआप सुरू होतो. राउटर बदलून, केबल बदलून कारण सापडत नाही. वरच्या चार जोड्या खरोखरच भरल्या असतील तरच मधल्या भागात जा.

दोन्ही बँडना एकच नाव ठेवायचे की वेगळे? ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ (मोबाइलला योग्य बँडवर आपोआप ढकलणारी सोय) चांगले चालत असेल तर एकच नाव सोयीचे. घरगुती राउटरांत ते बेभरवशाचे असते, मोबाइल २.४ ला चिकटून राहतो. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना फक्त ५ चे नाव आणि पासवर्ड द्या. २.४ चे नाव वेगळे ठेवून ते हजेरीचे यंत्र, स्मार्ट प्लग आणि खरोखर जुन्या फोनांपुरते राखून ठेवा. ही विभागणी एका दुपारी होते आणि फरक संध्याकाळीच दिसतो.

पायरी ६: जागा, पॉवर आणि किती डबे

राउटर काउंटरखाली, माळ्यावर, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीला नको. माणसांची शरीरेही सिग्नल पितात. सत्तर जण बसले की टेबलाच्या उंचीवरचा राउटर निम्मा आंधळा होतो. छताला किंवा भिंतीवर सात-आठ फुटांवर लावा, डोक्यांवरून नजर जाईल असा. पत्र्याच्या फॉल्स सीलिंगच्या वर मात्र ठेवू नका. दांड्याच्या अँटेनाचा सिग्नल दांड्याच्या टोकाकडून कमी आणि बाजूंनी जास्त पसरतो. एकाच मजल्यावर पसरवायचा असेल तर दांडे उभे ठेवा.

पँट्रीतला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. राउटर त्याच्यापासून एक खोली तरी दूर हवा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ सालीच मोजून दाखवले होते. एखाद्याच लॅपटॉपचे वायफाय मंद असेल आणि त्याचा वायरलेस माउसही अडखळत असेल तर डिस्क काढून बघा. राउटरच्या यूएसबी भोकात पेन ड्राइव्ह खुपसलेला असेल तर तोही.

आता पॉवर. मोबाइलवरच्या रेघा सांगतात की मोबाइलला राउटर किती ऐकू येतो. राउटरला मोबाइल किती ऐकू येतो, हे त्या सांगत नाहीत. मोबाइलचा आवाज राउटरपेक्षा दुबळाच असतो. राउटर ओरडतो, मोबाइलची कुजबुज पोहोचत नाही, रेघा पूर्ण आणि नेट बंद. म्हणून ॲक्सेस पॉइंटवर ५ ची पॉवर १५ ते १७ डीबीएम आणि २.४ ची त्याहून ६ ते ८ ने कमी ठेवा. घरगुती राउटरात ‘हाय, मीडियम, लो’ एवढेच असते. ५ ला मीडियम, २.४ ला लो. पॉवर उतरवल्यावर एखादी खुर्ची उणे ७५ खाली गेली तर तिथे आणखी एक ॲक्सेस पॉइंट हवा, असा त्याचा अर्थ.

एका रेडिओवर एकाच वेळी खरोखर काम करणारी पंचवीस-तीस उपकरणे, हा व्यवहारातला सावध आकडा. खोक्यावर ‘१२८ उपकरणे’ लिहिलेले असते; तेवढी जोडली जातात एवढेच. साठ बाय पंचवीस फुटांच्या सत्तर खुर्च्यांच्या हॉलला दोन ॲक्सेस पॉइंट पुरतात, दोन्ही टोकांच्या भिंतींपासून साधारण पंधरा फूट आत, छताला. एक ३६-४० वर, दुसरा १४९-१५३ वर. २.४ वर एक १ ला, दुसरा ११ ला. इमारतीत गर्दी फार असेल तर दुसऱ्याचा २.४ सरळ बंद. जाड भिंतीपलीकडची खोली असेल तर तिला तिसरा. जुन्या वाड्याची दगडी भिंत असेल तर यावर चर्चाच नको. उगाच चार-पाच डबे लावले तर ते आपसातच भांडतात.

डबा घेताना वायफाय ६ चा घ्या. गर्दीत अनेकांना एकाच पाळीत थोडे थोडे देण्याची सोय त्यात आहे. फायदा मिळतो तो मोबाइलही वायफाय ६ चे असतील तेवढ्यापुरताच.

केबल कॅट ६, एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. ओळखायची युक्ती: आतली एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. अशा तारेवरून पीओईने (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) वीज दिली तर लांबवर व्होल्टेज पडते आणि गर्दीच्या वेळी, जेव्हा ॲक्सेस पॉइंट जास्त वीज ओढतो, नेमका तेव्हाच तो रीस्टार्ट होतो. स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारा डबा) घेताना ॲक्सेस पॉइंटला पीओईचा ८०२.३एएफ प्रकार लागतो की ८०२.३एटी ते बघा. पहिल्यात पोर्टमागे १५.४ वॅट, दुसऱ्यात ३० वॅट. केबल विजेच्या पट्टीतून ओढू नका. समांतर न्यायची तर फूटभर अंतर ठेवा.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून

नवा घ्यायला पैसे नसतील तर घरात पडलेला दोन बँडचा राउटर चालतो. क्रम महत्त्वाचा:

१. जुना राउटर फक्त लॅपटॉपला केबलने जोडा, मुख्य राउटरला अजून नाही.

२. दोन्ही बँडना मुख्य राउटरवरचीच नावे, तोच पासवर्ड, तोच सुरक्षा प्रकार द्या. चॅनेल मात्र वेगळे, विड्थ वर सांगितल्याप्रमाणे.

३. डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम) बंद करा.

४. त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. सेव्ह केल्यावर पान गायब होईल. नेमके तेच व्हायला हवे.

५. आता मुख्य राउटरच्या लॅन भोकातून केबल आणून याच्याही लॅन भोकात लावा. वॅन भोक मोकळे.

तिसरी पायरी विसरली तर दोन राउटर एकाच घरात पत्ते वाटू लागतात. काहींना नेट मिळते, काहींना नाही, आणि कोणाला मिळेल ते रोज बदलते. राउटरमध्ये ‘एपी मोड’ असा तयार पर्याय असेल तर ही सगळी कटकट वाचते.

पायरी ७: व्यत्यय वाटणारे पण व्यत्यय नसलेले

नवीन बॅच बसते, सिग्नल पूर्ण, पण मोबाइल ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ वरच अडकतो. लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. इथे हवेचा दोष नाही, पत्ते संपलेत. अनेक राउटरांत वाटायला शंभरच पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता चोवीस तास अडकून राहतो. सकाळची बॅच घरी गेली तरी तिचे पत्ते तिच्याच नावावर. डीएचसीपीच्या पानावर श्रेणी १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२५० करा आणि लीज टाइम (पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ते) दोन तास, म्हणजे १२० मिनिटे. काही राउटर सेकंदांत विचारतात, तिथे ७२००.

‘एपी आयसोलेशन’ (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सेटिंग) विद्यार्थ्यांच्या वायफाय नावावर चालू करा. एकमेकांच्या मोबाइलला, टीव्हीला शोधणाऱ्या हाका सगळ्यांना ऐकू जाव्यात म्हणून राउटर त्या अगदी कमी वेगाने परत बोलतो. त्या बंद होतात. सुरक्षेचा फायदा वेगळाच. प्रिंटर विद्यार्थ्यांनी वापरायचा असेल तर मात्र तो या नावावरून दिसणार नाही, हे आधी लक्षात घ्या.

प्रत्येक उपकरणाला डाउनलोड ४-५ एमबीपीएस आणि अपलोड १ एमबीपीएस मर्यादा लावा. ७२० पिक्सेलच्या लेक्चरला अडीच एमबीपीएसच्या आसपास पुरतात, त्यामुळे कोणाचे अडत नाही, आणि बॅकअप व अपडेट आपोआप आवरतात. ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘मिनिमम आरएसएसआय’ (ठरावीक आकड्याखालच्या सिग्नलच्या मोबाइलला सोडून देणारे सेटिंग) असेल तर उणे ७८ पासून सुरुवात करा. दाराशी आल्यावर पकडलेला पहिला ॲक्सेस पॉइंट मोबाइल सोडत नाहीत, दुसऱ्या टोकाला जाऊन बसले तरी. या सेटिंगने ते सुटतात. आकडा उणे ६५ वगैरे केलात तर सगळेच सारखे तुटत राहतील.

पुन्हा मोजणी

एका वेळी एकच बदल करा आणि त्याच वेळेला, त्याच खुर्चीवरून पुन्हा पिंग घ्या. रविवारी सगळे बदल एकदम करून सोमवारी ‘फरक पडला’ किंवा ‘पडला नाही’ म्हणण्याला अर्थ नाही. कशाने ते कळत नाही.

तरीही काही जागा अडतात. हॉलच्या दोन टोकांच्या मोबाइलांना राउटर ऐकू येतो पण एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. दोघांनाही चॅनेल मोकळे वाटते आणि दोघे एकदम पाठवतात. लांबट हॉलमध्ये एकच राउटर एका टोकाला असेल तर हे फार होते. तो मध्ये आणून बघा, त्यानेही भागले नाही तर दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. शेजारच्या अभ्यासिकेचा राउटर भिंतीला लागूनच असेल आणि उणे ४५-५० ने ऐकू येत असेल तर सेटिंग करत बसण्यापेक्षा शेजारी जाऊन चॅनेल वाटून घ्या: २.४ वर तुम्ही १, ते ६. ५ वर तुम्ही खालची जोडी, ते वरची. त्यांचाही त्रास तोच असतो, त्यामुळे नाही कोणी म्हणत नाही.

शेवटी प्रत्येक डब्याखाली एक चिठ्ठी चिकटवा: पत्ता, दोन्ही बँडची चॅनेल, विड्थ, पॉवर आणि तारीख. नेटवाल्याचा माणूस तक्रारीवर आला की बऱ्याचदा राउटर रीसेट करून जातो आणि सगळे पुन्हा ‘ऑटो’ आणि ८० वर येते. चिठ्ठी असेल तर परत लावायला दहा मिनिटे लागतात.